जागा धरणारी

"ती वैमानिक बाई नाहीच मुळी," आक्का म्हणाली. "ती आपली आई आहे."

अठ्ठावन्न वर्षं हे वाक्य आक्काने पोटात ठेवलं होतं. आणि बाहेर पडलं ते कधी, तर रविवारी दुपारी सव्वाबाराला, स्टुडिओच्या माडीवर, दादा गुडघ्यांवर बसून लाकडी पेटीत भुसा भरत असताना. दादाच्या हातातला भुसा अर्धा पेटीत पडला, अर्धा जमिनीवर.

"काय म्हणालीस?"

"ऐकू आलंय तुला."

"आक्का, सकाळपासून डोळ्यांत थेंब घालतेयस. जरा पड जाऊन."

"मोतीबिंदू डोळ्यात झालाय, डोक्यात नाही," आक्का म्हणाली आणि खुर्ची ओढून पेटीच्या पुढ्यात बसली. आता पेटी हलवायची तर आधी आक्काला हलवायला हवं होतं, आणि त्र्याहत्तर वर्षांच्या त्या बाईला आजवर कोणी हलवू शकलं नव्हतं. दादा वयाने तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. घरातला पहिला मुलगा म्हणून सगळे त्याला दादा म्हणत, तीसुद्धा म्हणे. पण म्हणण्यापुरतंच.

पेटी मास्तरांसाठी होती. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या मास्तरांनी चार वर्षं पायपीट करून जिल्ह्याचे जुने फोटो गोळा केले होते. पंधरा दिवसांनी त्यांचं दालन उघडणार होतं आणि सोबत एक जाडजूड पुस्तक निघणार होतं. जिल्ह्यातली माणसं, जिल्ह्यातली ठिकाणं आणि जिल्ह्यात येऊन गेलेले पाहुणे, असे त्याचे तीन भाग. तीनातला दीड भाग या एका स्टुडिओतून गेला होता. पूल बांधणारे गवंडी, गिरणीच्या बायका, पहिली आगगाडी, बुडालेला बाजार, दुर्बीण घेऊन आलेला शास्त्रज्ञ, हरलेला कुस्तीगीर. बाबांनी कोणाला म्हणून सोडलं नव्हतं.

आणि मुखपृष्ठावर ती. तो फोटो माहीत नाही असा माणूस जिल्ह्यात शोधून सापडला नसता. मैदानात उतरलेलं पहिलं विमान, त्याच्या पंख्यावर एक हात ठेवून उभी असलेली वैमानिक बाई, अंगात चामड्याचा कोट, डोक्याला टोपी, डोळ्यांवर भला मोठा गॉगल. आणि शेजारी, पुढचे दोन दात पडलेला, पोट धरून हसणारा सहा वर्षांचा मुलगा. तो मुलगा म्हणजे दादा. त्या हसण्यावर दादाने उभं आयुष्य काढलं होतं म्हटलं तरी चालेल. बाईंनी मला डोळा मारला म्हणून मी हसलो, ही गोष्ट त्याने शाळेत सांगितली, लग्नाच्या बैठकीत सांगितली, व्यापारी मंडळाच्या सभेत तर दरवर्षी सांगितली. दालन उघडायच्या दिवशी तो तीच सांगणार होता, आणि त्यासाठी नवा कोट शिवायला टाकला होता.

"बाळ्या, ऐकतोयस ना?" दादाने खाली हाक मारली. "वर ये जरा. आक्काचं काहीतरी चाललंय."

बाळ्या वर आला. दोघांचा धाकटा भाऊ, छप्पन्न वर्षांचा, टकलू, कानामागे पेन्सिल. स्टुडिओच्या तळमजल्यावर तो फोटोंना चौकटी करायचा. बाळ्या हे नाव त्याला चार वर्षांचा असताना चिकटलं ते चिकटलंच. त्याच्या मागोमाग वहिनी आली, म्हणजे दादाची बायको. घरादाराची ती वहिनीच होती. हात पुसत आली, कारण काळ्या खोलीत तिचं ओळखपत्रांचे फोटो धुणं चाललं होतं.

"आक्का म्हणते, फोटोतली बाई आई आहे," दादाने हसत सांगितलं. त्या हसण्यात दम नव्हता. "सांग आता यांनाही. पुरावा काय, तेही सांग."

"पुरावा मीच पुसलाय," आक्का म्हणाली. "तेच सांगायचंय. मध्ये बोलू नका, नाहीतर माझ्याच्याने व्हायचं नाही."

बाबांची एक रीत होती. मोठा पाहुणा यायचा असला की त्याच्या जागी आधी घरातलं माणूस उभं करायचं. उजेड बघायचा, कॅमेरा लावायचा आणि एक काच त्याच्यावर खर्च करायची. तेव्हा फोटो आधी काचेवर उमटे, मग कागदावर. घरात त्याला 'जागा धरणं' म्हणत. जागा कोणीही धरे, आजोबा, आक्का, पाणी भरणारा माणूस. बहुतेक वेळा आईच. पाहुण्याची काच चांगली निघाली की जागा धरणाऱ्याची काच सोड्याच्या गरम पाण्यात टाकून खरवडायची आणि कोरी काच चौकटीसाठी ठेवायची. काच महाग होती, आणि घरच्या माणसाचा फोटो काय, उद्याही काढता येतो.

"विमान आलं त्या दिवशी मी पंधरा वर्षांची," आक्का म्हणाली. "बाई उतरल्या त्या घामाघूम. तंबूत तोंड धुवायला गेल्या, कोट, टोपी, गॉगल सगळं पंखावर टाकून. बाबांना चामड्याची धास्ती. काळं चामडं, वर टळटळीत ऊन, चकाकलं म्हणजे सगळं मातीत. आईला म्हणाले, घाल तो कोट आणि धर जागा. आईने घातला. टोपी घातली. गॉगलसुद्धा चढवला. बाबांनी काच टिपली. मग बाई आल्या, कोट घालून उभ्या राहिल्या, अख्खा जिल्हा श्वास रोखून बघतोय, बाबांनी दुसरी काच लावली आणि..."

"आणि?" वहिनी म्हणाली.

"आणि झाकण काढायला विसरले."

त्या घरात जन्मलेल्या माणसाला झाकण म्हणजे काय ते सांगायला नको होतं. काचेपुढची ती काळी पट्टी सरकवून काढली नाही, तर पुढे सूर्य आणून ठेवला तरी काच कोरीच राहते.

"बाबा? झाकण?" दादा म्हणाला. "अगं, झोपेतसुद्धा काढायचे ते झाकण!"

"झोपेत काढायचे. त्या दिवशी जागे होते, हाच घोळ झाला. विमान तासाभरात उडून गेलं. संध्याकाळी आईने काळ्या खोलीत काच धुतली, आणि घरात कोणी गेल्यासारखी बाहेर आली. म्हणाली, कोरी आहे हो. दुसऱ्या दिवशी जिल्हा कचेरीतून माणूस येणार होता फोटो न्यायला. बाबा रात्री जेवले नाहीत. सकाळी मला खिडकीशी बसवलं, पुढ्यात आईची काच ठेवली, हातात पेन्सिल दिली. म्हणाले, तुझा हात माझ्यापेक्षा हलका आहे. हनुवटीवरचा तीळ तेवढा घालव."

आक्काने हवेत पेन्सिल धरल्यासारखी बोटं जुळवली.

"काचेवर सगळं उलटं असतं. काळा तीळ म्हणजे काचेवर एक स्वच्छ टिपका. तो पेन्सिलीने भरला की कागदावर तीळ नाही. असा भरला मी, की बाबांनी भिंग लावून शोधला आणि पाठीवर थाप मारली. माझी पहिली शाबासकी ती! आई दारात उभी राहून हात पुसत होती. म्हणाली, छान घालवलास गं. मला स्वतःलासुद्धा सापडायची नाही मी. हसत म्हणाली. पण म्हणाली."

दादा उठून उभा राहिला. गुडघ्यांना भुसा तसाच. "झालं? आता माझं ऐक. हे खरं असेल, तरी गप्प बसायचं. बाबांचा शिक्का आहे प्रत्येक फोटोमागे. एक खोटा निघाला की लोक म्हणतील, बाकीच्यांचं काय? पूल खरा का? शास्त्रज्ञ खरा का? झाकली मूठ सव्वा लाखाची, आक्का."

"मूठ झाकलीत तुम्ही, आणि आत आई गुदमरली."

"अगं पण इतकी वर्षं कुठे होतीस? आजच कसा कंठ फुटला?"

हा प्रश्न येणार हे आक्काला ठाऊक होतं. रात्र रात्र तिने त्याची उत्तरं जुळवली होती, पण आयत्या वेळी एकच आठवलं आणि ते खरं होतं. "बाबांनी शपथ घातली होती म्हणून गप्प बसले. बाबा गेल्यावर लाज वाटली म्हणून गप्प बसले. पण परवा मास्तर मजकूर वाचून दाखवायला आले. मागच्या पानावर आपल्या घराची माहिती आहे. आजोबा आहेत, बाबा आहेत, तू आहेस, बाळ्याच्या चौकटीसुद्धा आहेत. आई नाही. त्यांनी विचारलं, आईंचा एखादा फोटो मिळेल का? आणि तू काय म्हणालास?"

दादाने खिडकीबाहेर पाहिलं.

"म्हणालास, आमच्या आईचा फोटोच नाही. दिव्याखाली अंधार, असं म्हणून हसलास. मला नाही हसू आलं. मी मेले की ही गोष्ट संपली, दादा. एकदा छापलं की छापलं."

"आक्का," बाळ्या म्हणाला. इतका वेळ तो जिन्याच्या कठड्याला टेकून उभा होता. भांडण दिसलं की दोघांच्या मध्ये चहा आणून ठेवायचा, हा त्याचा जन्मभराचा स्वभाव. आजही आक्काला वाटलं, हा आता म्हणणार, जाऊ दे, पुढच्या आवृत्तीत बघू. पण बाळ्याचा चेहरा वेगळाच झाला होता. "म्हणजे आईचा फोटो आहे?"

"आहे."

"मी लहानपणापासून विचारतोय तुला. आई कशी दिसायची. तू म्हणायचीस, चांगली दिसायची."

"हो रे."

"चांगली दिसायची! आणि तो फोटो खाली दुकानात माझ्या डोक्यावर टांगलेला? तीन वेळा चौकट बदलली मी त्याची, आक्का!"

आक्काने मान खाली घातली. दादाला ती पुरून उरली असती, याला नाही. आई गेली तेव्हा बाळ्या चार वर्षांचा होता. त्याला वाढवलं आक्काने, घास भरवले, बाराखडी गिरवून घेतली आणि जे एकच मागत होता ते दिलं नाही. "चुकलं माझं," ती म्हणाली. "फार चुकलं. म्हणून तर आज बसलेय इथे."

बाळ्या एकदम खाली बसला. "आणि त्या खरवडलेल्या काचा. बाबांच्या वेळच्या काचा मी कितीतरी वर्षं वापरल्या. आईच्या किती काचा मी लोकांच्या फोटोंवर बसवल्या असतील गं?"

तेवढ्यात खाली दाराची घंटी वाजली आणि मास्तर तासभर आधीच हजर झाले. धापा टाकत माडीवर आले, चौघांची तोंडं पाहिली आणि म्हणाले, "कोण गेलं?"

"कोणी नाही, मास्तर," दादा पुढे झाला. "पेटी तयारच आहे. आक्का, ऊठ."

"मास्तर," आक्का बसूनच म्हणाली, "मुखपृष्ठावरची बाई वैमानिक नाही. तुम्ही छापणार ते खोटं आहे."

मास्तरांनी टोपी काढली. सगळं ऐकून घेतलं, झाकणासकट. "आक्का, चार वर्षांत मला लोकांनी काय काय सांगितलं, विचारू नका. एकाच घोड्यावर बसलेले तीन वेगवेगळे आजोबा दाखवलेत मला. मी सांगोवांगीवर जात नाही. काचेत जे दिसतं ते छापतो. काचेत तीळ दिसला तर तीळ छापीन. उद्या सकाळी मुखपृष्ठ छपाईला जातंय, त्याच्या आत."

"दाखवते," आक्का म्हणाली. "टर्पेंटाइनच्या बोळ्याने पेन्सिल निघते. दोन मिनिटांचं काम."

"आणि काचेवरचा चित्राचा थर निघाला तर?" दादा ओरडला. आता तो खरोखर घाबरला होता. "अठ्ठावन्न वर्षांची काच आहे! कडेने थर सुटायला लागलाय, मी स्वतः पाहिलंय. तुला दोन हातांवरचं माणूस दिसत नाही. बोळा जरा जोरात फिरला तर हनुवटीच निघून येईल. मग ना बाई राहील, ना आई!"

तो खोटं बोलत नव्हता. आक्कालाही तीच भीती होती. लाजेबरोबर त्या भीतीनेही बाबा गेल्यावरची वर्षं खाल्ली होती. तिने आपला उजवा हात पुढे धरून पाहिला. तिने हात मांडीखाली दाबला.

"मी धरते दिवा," वहिनी म्हणाली.

"तू मध्ये पडू नकोस," दादा म्हणाला.

"का बरं? चाळीस वर्षं तुमच्या काळ्या खोलीत मध्येच तर पडलेय मी." वहिनीने भिंतीवरचा विमानाचा फोटो खिळ्यावरून काढला आणि नवऱ्याच्या नाकापुढे धरला. "पंख्यावरची ही बोटं बघा. नखं बघा."

"इंजिनाचं तेल आहे ते. सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे."

"जिल्ह्याला काय कळतंय? त्याने कधी फोटो धुतलेत?" वहिनीने दुसरा हात फोटोशेजारी नेला. फोटो धुण्याच्या औषधाने काळी पडलेली पाच नखं, मुळापर्यंत काळी, लिंबाने घासली तरी न निघणारी. फोटोतली नखं तशीच होती. "या घरात आल्या दिवसापासून मला वाटायचं, ही बाई विमान चालवते आणि नखं माझी कशी? बोलले नाही. म्हटलं, हसाल. बाहेर पाटीवर काय लिहिलंय? 'आणि पुत्र'. सुना, मुली, बायका सगळ्या पाण्यात हात घालून बसलेल्या. आक्का, तुम्ही पुसा. हात कापला तर मी धरीन."

दादा बाळ्याकडे वळला. दोघांत एक मत झालं की आक्काला आवरता येईल, हा त्याचा हिशेब. "बाळ्या, तू तरी सांग. फोटो गेला तर तुझाच जास्त जाईल."

बाळ्याने कानामागची पेन्सिल काढली, तिच्याकडे पाहिलं आणि ती खिडकीतून बाहेर फेकून दिली. "पुस, आक्का."

काच उजेडाच्या टेबलावर ठेवली. वहिनीने दिवा तिरपा धरला, मास्तरांनी भिंग. आक्काने कापसाचा बोळा केला, टर्पेंटाइनमध्ये बुडवला, पिळला, पुन्हा पिळला. दिसत तर जवळजवळ काहीच नव्हतं. चेहऱ्याच्या जागी एक काळसर ढग. पण हनुवटी कुठे आहे हे तिला बघावं लागलं नाही, ती जागा तिच्या बोटांना पाठ होती. आपणच केलेलं काम आपला हात विसरत नाही. एकदाच, बाबांसारखा श्वास रोखून, तिने बोळा टेकवला आणि गोल फिरवला.

"थर हलला का?" तिने विचारलं.

"नाही," मास्तर म्हणाले.

"अजून?"

"अजून एकदा. हळू. थांबा!"

बोळ्यावर राखाडी डाग उतरला होता. पंधरा वर्षांच्या मुलीच्या शाबासकीचा डाग. आक्काने बोळा उचलला आणि डोळे मिटले. "बघा."

मास्तरांनी भिंग खाली नेलं. बराच वेळ वाकून पाहिलं. मग कंबर सरळ केली आणि एवढंच म्हणाले, "टिपका आहे."

"टिपका तुमच्यासाठी असू दे," बाळ्या म्हणाला. "मला चेहरा बघायचाय. कागदावर."

पाचही माणसं काळ्या खोलीत शिरली. एरवी तिथे दोघं उभे राहिले की तिसऱ्याला पोट आत घ्यावं लागे. लाल दिव्यात वहिनीने कागद काचेला लावला, मोजून उजेड दिला आणि कागद औषधाच्या तबकात सोडला. तबक ती हलकेच डोलवत राहिली. आधी विमानाचा पंख आला. मग कोट. मग दादाचे न आलेले दात. सगळ्यांत शेवटी गॉगलच्या खालचा अर्धा चेहरा वर आला, मिटलेले ओठ, हसू दाबताना एका बाजूला गेलेले, आणि त्यांच्या खाली, हनुवटीच्या डाव्या कडेला, मुगाच्या दाण्याएवढा तीळ.

बाळ्याने स्वतःच्या ओठांना हात लावला. तोही हसू दाबायचा तेव्हा त्याचे ओठ त्याच बाजूला जायचे. आक्का हे पन्नास वर्षं पाहत आली होती. आता तिने त्याचा हात घट्ट धरला.

आणि मग त्या अंधारात हुंदका आला, तो दादाचा होता.

"दादा?" वहिनीच्याही तोंडून दादाच निघालं.

"डोळा मारला," दादा म्हणाला. नाक ओढत, रडत, हसत. "जन्मभर सांगत आलो, बाईंनी डोळा मारला. अरे, गॉगल आहे डोळ्यांवर! डोळा दिसेल कसा? एकाही गाढवाने मला विचारलं नाही!" त्याने तबकावर वाकून पाहिलं. "ती म्हणाली होती, ओळख पाहू मी कोण? आवाज जाड काढून म्हणाली. आणि मी ओरडलो, आई! बाबा तिकडून दटावतायत, हलू नका, हलू नका. आणि मला हसूच आवरेना. मी विसरलोच होतो, आक्का. बाई डोळा मारून गेली एवढंच सांगत राहिलो आणि हे विसरलो."

आक्काने दुसऱ्या हाताने अंधारात चाचपून त्याचा खांदा शोधला. भांडायचं असं तिच्याकडे आता काही उरलं नव्हतं. कागद दुसऱ्या तबकात गेला, मग पाण्यात, आणि वहिनीने दार उघडलं तशी दुपार आत आली.

मास्तरांनी खिशातून पेन काढलं, मुखपृष्ठाचा मजकूर काढला आणि जुन्या ओळीवर एक लांब रेघ मारली. "सांगा," ते म्हणाले. "काय लिहू?"

सगळ्यांनी आक्काकडे पाहिलं. आक्काने दादाकडे पाहिलं. दालन उघडायच्या दिवशी बोलायला हाच उभा राहणार होता, नवा कोट घालून.

दादाने बाहीने तोंड पुसलं. "लिहा. जिल्ह्यातल्या पहिल्या विमानाजवळ, पाहुण्यांच्या जागी उभी, आमची आई. शेजारी मी. फोटो बाबांचा." वहिनीच्या हातांकडे बघून तो पुढे म्हणाला, "काच धुतली आईने. छापलीही तिनेच."

"झाकणाचं लिहू?"

"लिहा की! घाबरतो काय? पाहुण्यांच्या वेळी झाकण काढायचं राहिलं, असं लिहा."

मास्तर लिहीत होते. लिहून झालं तसं त्यांनी चष्म्यावरून आक्काकडे पाहिलं. "आणि रिटचिंग, म्हणजे काचेवरचं पेन्सिलकाम, आक्का? तुमचं नाव घालतो."

"नको," आक्का म्हणाली. राखाडी डागाचा तो बोळा अजून तिच्या मुठीत होता. "काचेवर आता माझं काही नाही."